दिवसातून सोळा वेळा संध्याकाळ: उपग्रहाची बॅटरी एवढी टिकते कशी?

उपकेंद्रवाला | सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी.

नोकरीची ३१ वर्षं वीज उपकेंद्रांत गेली, त्यातली बरीचशी बॅटरी रूममधल्या आम्लाच्या वासात. ज्यांनी ही खोली पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन-दोन व्होल्टचे ५५ सेल ओळीने मांडलेले असतात, मिळून ११० व्होल्ट डीसी. बाहेर सगळा अंधार झाला तरी ब्रेकर ट्रिप करायची ताकद या खोलीतून येते. हायड्रोमीटर घेऊन पायलट सेलची (नमुन्याला धरलेल्या सेलची) ग्रॅव्हिटी, म्हणजे आम्लाची घनता, बघायची, त्यावरून बॅटरी किती भरली ते कळतं, डिस्टिल्ड वॉटर घालायचं, टर्मिनलला पेट्रोलियम जेली लावायची, रजिस्टर भरायचं. एवढी बडदास्त ठेवूनही दहा-बारा वर्षांत संच बदलायची वेळ यायचीच.

परवा नातवाला शाळेच्या प्रकल्पासाठी अंतराळ स्थानकाची माहिती काढून देत होतो आणि डोक्यात किडा शिरला. स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरतं, साधारण ९२ मिनिटांत एक फेरी. त्यातली ३५-३६ मिनिटं ते पृथ्वीच्या सावलीत असतं. तेवढा वेळ सोलर पॅनेल शोभेचं, सगळं बॅटरीवर. मग परत ऊन, परत सावली. दिवसाला पंधरा-सोळा वेळा. कागदावर गुणाकार केला तर वर्षाला ५,७०० च्या आसपास चार्ज-डिस्चार्ज निघाले. घरची बॅटरी रोज एकदा उतरवून चढवली तर एवढ्या सायकल व्हायला साडेपंधरा वर्षं लागतील. आमची स्टेशन बॅटरी तर आयुष्यभर फ्लोटवर (म्हणजे चार्जरला जोडलेली, भरलेली) बसून असते, तिला हा मार झेपलाच नसता.

आणि हबल दुर्बीण बघा. २४ एप्रिल १९९० ला वर गेली, तिच्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या बदलल्या थेट मे २००९ मध्ये. १९ वर्षं! वर पाणी घालायला कोण जात होतं?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. (सावलीत असाल तर बॅटरीवर टाका.)

बंड्या_मुळशी | सोमवार, रात्री ९:२६

काका, आमच्या इन्व्हर्टरची बॅटरी दोन पावसाळे काढत नाही. त्या हबलवाल्या डीलरचा नंबर मिळेल का?

सुगरण_नाशिक | सोमवार, रात्री ९:४०

विषय डोक्यावरून जाणार असं वाटलं होतं, पण ते 'दिवसातून सोळा वेळा संध्याकाळ' वाचून थांबले. सोळा वेळा दिवा लावायचा म्हणजे तेलच संपायचं. वाचते आहे.

खडूफळा | सोमवार, रात्री १०:३२

उपकेंद्रवाला काका, धागा मस्त. एक दुरुस्ती: हबलवरच्या बॅटऱ्या निकेल-कॅडमियम नव्हत्या. आधी बेत तोच होता, पण उड्डाणाआधी तो बदलून निकेल-हायड्रोजन बसवल्या. सहा बॅटऱ्या, प्रत्येकीत २२ सेल.

अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे राहवत नाही, थोडं लांबण लावते. निकेल-हायड्रोजन सेलमध्ये एका बाजूला निकेलचं इलेक्ट्रोड असतं, निकेल-कॅडमियममध्ये असतं तेच. दुसऱ्या बाजूला कॅडमियमची सुट्टी. त्याच्या जागी चक्क हायड्रोजन वायू, प्लॅटिनमच्या उत्प्रेरकावर काम करणारा. मधे पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण. चार्ज करताना हायड्रोजन तयार होऊन सेलच्या पोटात साठतो, डिस्चार्ज होताना खर्च होतो. म्हणून हा सेल दिसतो दोन्ही टोकांना गोल असलेल्या लहानशा गॅस सिलिंडरसारखा.

आता यातली दोन वैशिष्ट्यं तुम्हाला नक्की आवडतील. पहिलं, आतला दाब बॅटरी जेवढी भरली असेल त्या प्रमाणात वाढतो. दाब मोजा, बॅटरी किती भरली ते कळलं. तुमचा हायड्रोमीटर करतो तेच काम, पण झाकण न उघडता. दुसरं, जास्त चार्ज झाला तर निकेलच्या बाजूला ऑक्सिजन सुटतो आणि आतल्याच हायड्रोजनशी मिळून त्याचं पुन्हा पाणी होतं. पाणी घालायला कोणी जायला नको. ते जिथल्या तिथे परत येतं.

कॅडमियमचं इलेक्ट्रोड हे त्या जुन्या सेलचं दुखरं अंग होतं. ते काढल्यावर आयुष्य वाढलं. तोटा म्हणजे आकार. टाक्याच त्या, जागा खातात.

उपकेंद्रवाला | सोमवार, रात्री ११:०५

खडूफळा ताई, दुरुस्तीबद्दल आभार, चूक कबूल. आणि ते दाबाचं वाचून खरंच खुर्चीतून उठलो. आम्ही ग्रॅव्हिटी घेताना किती शर्टांना भोकं पाडून घेतली असतील!

पण १९ वर्षांचं कोडं नुसत्या रसायनाने सुटत नाही. हायड्रोजन झाला तरी लाखभर सायकल?

तारांगण | मंगळवार, सकाळी ७:१५

थोडा इतिहास टाकतो, मग मुद्द्यावर येता येईल.

४ ऑक्टोबर १९५७ ला उडालेला स्पुटनिक-१ साधारण ८४ किलोचा होता आणि त्यातलं निम्म्याहून जास्त वजन नुसत्या चांदी-जस्ताच्या बॅटऱ्यांचं. पॅनेल नव्हतंच. तीन आठवडे 'बीप बीप' केलं आणि बॅटरी संपली, विषय संपला.

पुढच्या मार्चमध्ये अमेरिकेचा व्हॅनगार्ड-१ गेला, जेमतेम दीड किलोचा. त्यात दोन ट्रान्समीटर होते: एक पाऱ्याच्या बॅटरीवर चालणारा, एक सौर घटांवर. बॅटरीवाला जून १९५८ मध्ये गप्प झाला. सौर घटांवरचा मे १९६४ पर्यंत बोलत राहिला. उन्हाची वीज अंतराळात चालते हे त्या पोरसवदा उपग्रहाने सिद्ध केलं. तो अजूनही वर फिरतोय, मुका. पण त्यात साठवण नव्हती. ऊन असेल तेव्हाच आवाज. ऊन साठवून सावलीत वापरायचं म्हटल्यावर परत परत चार्ज होणारी बॅटरी आली, आणि पुढची कितीतरी वर्षं निकेल-कॅडमियमचं राज्य राहिलं.

आपला आर्यभट्टही त्याच काळातला, १९ एप्रिल १९७५. वीजपुरवठ्यात बिघाड झाला आणि चार-पाच दिवसांत त्यावरचे प्रयोग थांबले. उपग्रहाचा जीव किती पटकन वीजेशी येऊन अडतो ते आपल्याला पहिल्याच खेपेला कळलं.

कक्षाबाह्य | मंगळवार, सकाळी ११:५०

या क्षेत्रात काही वर्षं काढली आहेत (बंगळूर, जास्त सांगत नाही), म्हणून लिहितो.

काका, तुमच्या कोड्याचं उत्तर: हबल बॅटरी वापरतच नव्हती. म्हणजे वापरत होती, पण दर सावलीत बॅटरीच्या क्षमतेच्या दहा टक्क्यांच्या आसपासच काढून घेत होती. त्याला आम्ही डीओडी म्हणतो, डेप्थ ऑफ डिस्चार्ज. बॅटरी दर वेळी रिकामी केली तर काही शेकडा, फार तर हजार-दोन हजार सायकल मिळतील. तिसरा हिस्सा काढला तर दहा-वीस हजारांच्या गोष्टी करता येतात. दहावा हिस्सा काढला तर लाख. सरळ रेषेतलं गणित नाही ते. म्हणून खालच्या कक्षेत डीओडी साधारण २० ते ४० टक्क्यांत ठेवतात. अंतराळ स्थानकाच्या जुन्या निकेल-हायड्रोजन बॅटऱ्यांना ३५ टक्क्यांची मर्यादा होती.

थोडक्यात, बॅटरीचा दोन तृतीयांश भाग आयुष्यभर नुसता वाहून न्यायचा. नवीन पोरांना हे पटत नाही. 'सर, एवढी क्षमता वाया?' वाया नाही रे बाबा, तेच आयुष्य आहे.

उपकेंद्रवाला | मंगळवार, दुपारी २:२०

आता कसं! हा हिशोब मला समजतो. जेवणानंतर वही घेऊन बसलो, तपासून द्या.

लोड १,००० वॅट. सावली ३५ मिनिटं. म्हणजे ५८३ वॅट-तास लागणार. ३० टक्क्यांच्या वर काढायचं नाही, तर बॅटरी हवी १,९५० वॅट-तासांची. निकेल-कॅडमियम किलोला ३० वॅट-तास धरले तर ६५ किलो. लिथियम-आयन १५० धरले तर १३ किलो.

दुसरी गंमत पॅनेलची. उन्हातल्या ५७ मिनिटांत लोडही चालवायचा आणि गेलेली वीजही भरायची. थोडी गळती धरून ६५० वॅट-तास भरायचे तर पावणेसातशे वॅट जादा लागतात. म्हणजे हजाराच्या लोडसाठी १,७०० वॅटचं पॅनेल. आणि हे सगळं रॉकेटवर किलोच्या भावाने चढवायचं!

कक्षाबाह्य | मंगळवार, दुपारी ३:०२

हिशोब बरोबर. फक्त किलोत सेलच मोजलेत. पेटी, वायरिंग, हीटर वेगळे. आणि पॅनेलही म्हातारं होतं, किरणोत्साराने दर वर्षी थोडं थोडं उतरतं, म्हणून शेवटच्या वर्षाचा आकडा धरून पहिल्याच दिवशी जास्त मोठं न्यावं लागतं. बाकी तुम्ही आमच्याकडे चुकून आला नाहीत एवढंच.

सरळरेषा | मंगळवार, संध्याकाळी ६:४८

माझी शंका. डिश टीव्हीचे उपग्रह तर एका जागी स्थिर असतात, त्यांना रोज रात्र होतच असेल ना? मग मार्चमध्ये आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुपारी काही मिनिटं चित्र जातं ते बॅटरी संपल्यामुळे का?

तारांगण | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

नाही नाही, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, फक्त ऋतू एकच असल्यामुळे घोळ होतो.

दुपारी चित्र जातं तेव्हा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे आलेला असतो आणि तुमच्या डिशला उपग्रहापेक्षा सूर्याचाच गोंगाट जास्त ऐकू येतो. उपग्रह तेव्हा भर उन्हात, मजेत असतो. त्याची सावली येते मध्यरात्रीच्या सुमाराला. आणि रोज नाही. तो ३६,००० किलोमीटरवर आहे, पृथ्वीचा आस कललेला आहे, त्यामुळे वर्षातला बराच काळ पृथ्वीची सावली त्याच्या वरून किंवा खालून निघून जाते. फक्त दोन विषुवदिनांच्या आसपास, दर खेपेला साधारण दीड महिना, तो रोज सावलीत शिरतो. जास्तीत जास्त ७२ मिनिटं.

कक्षाबाह्य | मंगळवार, रात्री ८:११

त्यात भर: वर्षाला साधारण ९० सायकल, १५ वर्षांत १,३५० च्या आसपास. खालच्या कक्षेत ते तीन महिन्यांत होतं. म्हणून तिथे डीओडी ७०-८० टक्क्यांपर्यंत नेतात. बॅटरी तीच, पण संसार वेगळा. आणि मधले चार-साडेचार महिने ती नुसती बसून असते, तेव्हा तिला काठोकाठ भरून ठेवायचं नाही, गार ठेवायचं. लिथियम-आयन पूर्ण भरून आणि गरम ठेवली की बसल्या जागी म्हातारी होते. (लॅपटॉप कायम चार्जरला लावून ठेवणाऱ्यांनी ऐकावं.)

काही उपग्रह हुशारीने सावलीच टाळतात. दिवस-रात्रीच्या सीमेवरून फिरणारी कक्षा घेतली, सकाळी सहा-संध्याकाळी सहा, की वर्षातला बराच काळ सतत ऊन. आपला रिसॅट-१ तसा होता, २०१२ चा. रडार वीज फार खातं, त्यामुळे तिथे हे सोयीचं.

बंड्या_मुळशी | मंगळवार, रात्री ८:२५

म्हणजे कायम ऊन पाहिजे म्हणून कायम सहा वाजताच राहायचं. आमच्या साहेबांच्या उलट, त्यांचे कधी सहा वाजतच नाहीत.

शेंगदाणा | मंगळवार, रात्री १०:०२

अवांतर: घरच्या इन्व्हर्टरला ट्युब्युलर बॅटरी चांगली की लिथियम? गावात रोज चार तास वीज जाते. आमच्या इथल्या दुकानदाराने मागच्या वेळी 'देखभाल लागतच नाही' म्हणून जी दिली ती दीड वर्षात फुगली. इथे सगळे बॅटरीवाले जमलेत म्हणून विचारतो.

उपकेंद्रवाला | मंगळवार, रात्री १०:४०

शेंगदाणा, वरचं गणितच लावा. चार तासांचा लोड काढा, त्याच्या दुप्पट क्षमता घ्या, म्हणजे बॅटरी रोज निम्म्याच्या खाली जाणार नाही. लेड-अ‍ॅसिड रोज तळाला नेली तर कुठल्याही कंपनीची फुगेल नाहीतर बसेल. ट्युब्युलर घेतलीत तर पाणी बघत जा, हवेशीर जागी ठेवा. बाकी तपशील व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, धागा भरकटायला नको.

मंगळवेढेकर | बुधवार, सकाळी ९:०५

गावाच्या नावाला जागून मंगळावर येतो.

मंगळयानाची गोष्ट या धाग्यात यायलाच हवी, कारण ते सावलीनेच गेलं. ५ नोव्हेंबर २०१३ ला उड्डाण, २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाच्या कक्षेत. बॅटरी एकच, लिथियम-आयन, ३६ अँपिअर-तासांची. कक्षा मात्र अतिलांबट: जवळचं टोक चारेकशे किलोमीटरवर, दूरचं टोक ७७,००० वर. जवळून जाताना यान भन्नाट वेगात असतं, सावली पटकन सरते. पण दूरच्या टोकाला ते रेंगाळतं, आणि मंगळाची सावली नेमकी तिथे पडली तर तासन् तास अंधार.

असा अंधार २०१७ मध्ये येणार हे आधीच दिसलं होतं. सलग आठ-आठ तासांच्या सावल्या. बॅटरीची तयारी होती सुमारे १ तास ४० मिनिटांची! मग १७ जानेवारी २०१७ ला इंजिनं चालवून कक्षाच बदलली. त्या एका खेळीत सुमारे २० किलो इंधन गेलं, उरलं १३ च्या आसपास. पुढची पाच वर्षं त्या १३ किलोंवर काढली. मग एप्रिल २०२२ मध्ये परत लांब सावली आली, साडेसात तासांची म्हणतात, आणि त्यानंतर संपर्क नाही.

सहा महिन्यांसाठी पाठवलेलं यान आठ वर्षं जगलं, त्यामुळे तक्रार नाही. पण मला ते २० किलो फार आवडतात. सावली चुकवायला इंधन विकत दिलं.

कक्षाबाह्य | बुधवार, सकाळी १०:३०

गोष्ट छान सांगितलीत, पण 'सावलीनेच गेलं' याला माझी अर्धी सहमती. इस्रोने नंतर जे मांडलं त्यात इंधन संपलं असणार हेही होतं. इंधन नाही तर यानाचं तोंड सूर्याकडे फिरवून धरता येत नाही. पॅनेलवर ऊन नाही तर सावली संपूनही बॅटरी भरणार कशी? बॅटरीवर सगळं खापर फोडू नका.

मंगळवेढेकर | बुधवार, सकाळी ११:१२

मान्य. पण इंधन का संपलं? सावली चुकवण्यात. म्हणजे फिरून सावलीच! 😄

बरं, मंगळावरचंच दुसरं यान घ्या, तिथे बॅटरी पूर्ण निर्दोष होती. नासाचं मार्स ग्लोबल सर्व्हेयर, १९९६ मध्ये निघालेलं, दहा वर्षं काम केलेलं. २ नोव्हेंबर २००६ ला पॅनेल हलवण्याची साधी आज्ञा दिली आणि यानाला वाटलं पॅनेल अडकलं. ते सावध होऊन अशा कोनात वळलं की एका बॅटरीवर थेट ऊन पडायला लागलं. बॅटरी तापली. आता तिच्या राखणदाराला एवढंच शिकवलेलं: बॅटरी तापली म्हणजे जास्त चार्ज झाली, चार्जिंग बंद कर. त्याने इमानदारीत बंद केलं. उन्हात बसून बॅटरी उतरत गेली, दुसरीला एकटीला भार झेपेना. बारा तासांच्या आत दोन्ही रिकाम्या. उन्हामुळे उपाशी मेलेलं यान.

खडूफळा | बुधवार, दुपारी १:२०

बाप रे. ते 'तापली म्हणजे भरली' हे निकेलच्या सेलपुरतं अगदी बरोबर आहे हो. पूर्ण भरल्यावर येणारी वीज रसायनात जात नाही, उष्णतेत जाते. म्हणून ताप हीच भरल्याची खूण. राखणदार चुकला नाही, त्याला ताप बाहेरूनही येऊ शकतो हे कोणी सांगितलं नव्हतं.

लिथियमचं याच्या उलट, तिथे जास्त चार्जची चैनच नाही. वर पाणी परत तयार होण्याचं लिहिलं तशी सोय लिथियम-आयनमध्ये नाही. एक सेल जरा जास्त भरला की बिघाड सुरू. म्हणून प्रत्येक सेलवर वेगळी नजर आणि सगळ्यांना एका पातळीवर आणणारी बॅलन्सिंगची सर्किटं. शिवाय शून्य अंशाखाली चार्ज करायचा नाही, धातूरूपात लिथियम साचतो. म्हणून बॅटरीला हीटर. गार करायला वारा नाही, उष्णता फक्त किरणांनी बाहेर टाकायची. आमच्या आजीच्या भाषेत, नाजूक नवरी.

सुगरण_नाशिक | बुधवार, दुपारी ३:४४

मग विक्रम लँडरचं तेच झालं का? आम्ही सप्टेंबरमध्ये रोज बातम्या लावून बसायचो, जागा होतो का म्हणून.

तारांगण | बुधवार, दुपारी ४:३०

चंद्रावरची रात्र आपल्या चौदा दिवसांची आणि थंडी भयंकर. ४ सप्टेंबर २०२३ ला त्याला झोपवलं, २२ च्या सुमाराला हाका मारल्या, ओ आली नाही. तेवढ्या रात्रीसाठी त्याची रचनाच नव्हती, आशा हा बोनस होता. पुढच्या जानेवारीत जपानचा स्लिम लँडर डोक्यावर पडला, पॅनेल सूर्याच्या उलट बाजूला. त्यांनी बॅटरी १२ टक्क्यांवर असतानाच मुद्दाम तोडली, अगदी तळाला गेली तर परत उठायची नाही म्हणून. काही दिवसांनी ऊन पॅनेलवर आलं आणि तो जागा झाला. तीन चांद्ररात्रीही काढल्या. पण हे सगळं चंद्रावरचं, धागा कक्षेतल्यांचा आहे.

गॅलरीतून | बुधवार, रात्री ९:१८

स्थानकाच्या जुन्या बॅटऱ्यांचं काय केलं माहितीये का? कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

आधी ४८ निकेल-हायड्रोजन होत्या. जानेवारी २०१७ ते फेब्रुवारी २०२१ या चार वर्षांत त्यांच्या जागी २४ लिथियम-आयन आल्या, निम्म्यात काम भागलं. जपानच्या मालवाहू यानातून सहा-सहा करून नेल्या आणि अंतराळवीरांनी बाहेर जाऊन बसवल्या. यातली एक आठवण सगळ्यांना असेल: १८ ऑक्टोबर २०१९ ला क्रिस्टिना कॉक आणि जेसिका मीर या दोघीच बाहेर पडल्या होत्या, फक्त बायकांचा पहिला स्पेसवॉक. त्या गेल्या होत्या बॅटरी चार्ज-डिस्चार्ज करणारा बिघडलेला डबा बदलायला. बातम्यांत डब्याचं नाव कोणी घेतलं नाही.

जुन्या बॅटऱ्या त्याच मालवाहू यानात भरून जाळायच्या, असा बेत होता. पण २०१८ मध्ये सोयुझचं एक उड्डाण मधेच फसलं, स्पेसवॉकचं वेळापत्रक कोलमडलं आणि एक पाळी चुकली. शेवटी नऊ जुन्या बॅटऱ्यांचं एक पॅलेट उरलं, अडीच टनांच्या वर. मार्च २०२१ मध्ये ते रोबोटच्या हाताने सरळ सोडून दिलं. तीन वर्षं खाली खाली येत ८ मार्च २०२४ ला वातावरणात शिरलं. सगळं जळायला हवं होतं. एक तुकडा फ्लोरिडातल्या नेपल्समध्ये एका घराचं छप्पर आणि खालचे मजले फोडून गेला. पाऊण किलोचा.

बंड्या_मुळशी | बुधवार, रात्री ९:३१

अंतराळातली बॅटरी घरपोच!

गॅलरीतून | बुधवार, रात्री ९:४०

बॅटरी नव्हती, पॅलेटवर बॅटऱ्या बसवायच्या सांगाड्यातला धातूचा खांब होता. इन्कोनेलचा, म्हणजे उष्णता सहन करायलाच बनवलेला मिश्रधातू. त्याने आपलं काम जरा जास्तच चोख केलं.

कक्षाबाह्य | गुरुवार, सकाळी ८:५५

मेलेल्या बॅटरीची आणखी एक बाजू. उपग्रह निवृत्त झाला तरी पॅनेलवर ऊन पडतच राहतं. ते बॅटरीला भरत राहतं, आणि आता कोणी बघणारं नाही. अमेरिकेच्या हवाई दलाचा डीएमएसपी-१३ हा हवामान उपग्रह २० वर्षांचा झाल्यावर फेब्रुवारी २०१५ मध्ये फुटला. चार्जरच्या वायरिंगमध्ये शॉर्ट झाला, बॅटरी जास्त चार्ज होऊन फाटली असा निष्कर्ष निघाला. त्याच जातीच्या रचनेचे नोआ-१६ आणि नोआ-१७ हे उपग्रह बंद केल्यानंतर तुकडे तुकडे झाले.

म्हणून आता शेवटचा विधी ठरलेला आहे: उरलेलं इंधन जाळायचं, बॅटरी उतरवायची आणि पॅनेलपासून कायमची तोडायची. ही तोडण्याची सोय पहिल्या दिवसापासून आराखड्यात लागते. जुन्या उपग्रहांत ती नव्हती, कारण जो तो उपग्रह जिवंत कसा ठेवायचा याच्याच काळजीत. मारायचा कसा हे कोणाच्या मनात आलं नाही.

उपकेंद्रवाला | गुरुवार, सकाळी १०:१०

आयसोलेटर उघडून, अर्थ करून, मग टॅग लावायचा. आमच्याकडे लाईन बंद करताना हेच पहिलं शिकवतात.

बरं, लिथियम अंतराळात गेलं कधी? फोन-लॅपटॉपमध्ये तर नव्वदच्या दशकातच आलं.

कक्षाबाह्य | गुरुवार, सकाळी ११:३५

यात आपला हात आहे, म्हणून आनंदाने सांगतो. खालच्या कक्षेत लिथियम-आयन नेणारा युरोपचा प्रोबा-१ हा पहिल्यांतला. तो २२ ऑक्टोबर २००१ ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३ वर गेला. त्यातले सेल खास अंतराळासाठी बनवलेले नव्हतेच. १८६५० जातीचे, सोनीचे, कॅमेरा-लॅपटॉपमध्ये असायचे तसे. भरपूर सेल घ्यायचे, चाचण्या करायच्या, एकमेकांशी जुळणारे निवडायचे आणि ओळीने जोडायचे. दोन वर्षांची मोहीम होती, उपग्रह वीस वर्षं उलटून गेली तरी चालू राहिला. बाजारातला सेल नीट निवडला आणि हावरटपणा केला नाही तर काय होतं त्याचा हा नमुना.

इस्रोचे स्वतःचे सेल तिरुअनंतपुरमच्या विक्रम साराभाई केंद्रात तयार झाले. २०१८ मध्ये ते तंत्रज्ञान देशातल्या कंपन्यांना एक कोटी रुपयांत द्यायची तयारी इस्रोने दाखवली, गाड्यांसाठी उपयोग व्हावा म्हणून. अलीकडचं म्हणजे १ जानेवारी २०२४ चं पीएसएलव्ही-सी५८. रॉकेटचा चौथा टप्पा काम झाल्यावर फेकून न देता त्यावर प्रयोग करतात, तिथे सिलिकॉन-ग्रॅफाइटचे नवे सेल तपासले. किलोला १९० वॅट-तास, आधीचे १५७ होते.

खडूफळा | गुरुवार, दुपारी १२:१५

सिलिकॉन लिथियम भरपूर पोटात घेतं पण फुगतंही तितकंच, म्हणून ग्रॅफाइटमध्ये थोडं थोडं मिसळतात. भाकरीत मीठ जेवढं. आठ-दहा हजार सायकलनंतर ते कसं वागतं ते बघायची मला उत्सुकता आहे.

पुण्याची_पेठ | गुरुवार, दुपारी ४:०५

आमच्या सीओईपीच्या (पुण्याचं अभियांत्रिकी महाविद्यालय) मुलांचा 'स्वयम्' उपग्रह पण लक्षात घ्या! जून २०१६, पीएसएलव्ही-सी३४, एक किलोचा दहा सेंटीमीटरचा ठोकळा. आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयआयटी मुंबईचा 'प्रथम'. एवढ्याशा ठोकळ्याच्या अंगावर पॅनेल लावून एक-दोन वॅटच मिळतात, त्यात रेडिओही चालवायचा आणि सावलीचीही बेगमी करायची. मी चमूत नव्हतो, फक्त कॉलर ताठ करून फिरत होतो.

उपकेंद्रवाला | शुक्रवार, रात्री ८:५०

मंडळी, आज एक गंमत झाली. स्थानक आमच्या गच्चीवरून दिसणार होतं, वेळ बघून नातवाला घेऊन वर गेलो. वायव्येकडून आलं, चांगलं शुक्रासारखं ठळक, डोक्यावरून पुढे गेलं. पूर्वेला क्षितिजावर पोचायच्या आधीच आकाशात मधेच तांबूस झालं आणि विझलं. ढग नव्हता, काही नव्हतं.

इतकी वर्षं कधीतरी दिसायचं तेव्हा वाटायचं, दूर गेलं म्हणून दिसेनासं झालं. आज घड्याळ बघितलं. सावलीत शिरलं ते. त्याच क्षणी वरची पॅनेलं बंद आणि २४ बॅटऱ्यांवर लोड आला. चेंजओव्हर उघड्या डोळ्यांनी बघितला! आमच्या नोकरीत तो नुसता रिलेच्या टक् आवाजाने कळायचा.

नातू म्हणाला, 'आजोबा, आता ३५ मिनिटं मोज.' मोजत बसलो होतो, तेवढ्यात खालून जेवायची हाक आली.

सुगरण_नाशिक | शुक्रवार, रात्री ९:१४

आम्हीपण गेलो होतो गच्चीवर. इकडे ढग. उद्याची वेळ कोणाला माहीत असेल तर टाका.

मंगळवेढेकर | शुक्रवार, रात्री ९:२०

उद्या नाशिकहून पहाटे आहे, ५ वाजून गेल्यावर. पहाटेच्या वेळी उलटं दिसेल, सावलीतून बाहेर येताना एकदम पेटतं. गजर लावा.